कुत्र्यांचे परवाने देणारा चित्रकार

तेल अवीवच्या नगरपालिकेत १९५० च्या दशकात एक तरुण कुत्र्यांचे परवाने लिहून द्यायच्या कामाला होता. त्याआधी त्याने रबरी शिक्के बनवणाऱ्याकडे उमेदवारी केली होती, थोडं सुतारकाम केलं होतं, लोकांची घरं रंगवली होती. जन्म वॉर्साचा, बालपण सोव्हिएत मध्य आशियातलं, मग दोन वर्षं पॅरिसची शाळा आणि चौदाव्या वर्षापासून इस्रायल. शिक्षण जमेल तसं. आपल्याकडच्या एखाद्या काकांच्या हातात याचा बायोडेटा पडला असता तर चष्मा कपाळावर सरकवून ते एवढंच म्हणाले असते, "मुलगा एका जागी टिकलेला दिसत नाही."

मुलाचं नाव उरी शुलेविट्झ. १९५९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो न्यूयॉर्कला गेला. दहा वर्षांनी, १९६९ साली, अमेरिकेत मुलांच्या चित्रपुस्तकाला मिळणारा सर्वांत मोठा मान, म्हणजे कॅल्डेकॉट पदक, त्याच्या चित्रांना मिळालं. पुढे १९८०, १९९९ आणि २००९ अशी तीन वर्षं त्याच पदकाच्या सन्मानयादीत त्याची पुस्तकं आली. पहिल्या मानापासून शेवटच्या मानापर्यंत चाळीस वर्षं. २०२५ च्या फेब्रुवारीत शुलेविट्झ न्यूयॉर्कमध्ये वारले, तेव्हा नव्वदी अगदी हाताशी आली होती. (त्यांना अहो-जाहो करायला हवं हे कळतं, पण लहानपणाबद्दल लिहिताना माझी जीभ 'तो'वरच जाते. तेवढं चालवून घ्या.)

हा माणूस मला आठवला तो गेल्या दिवाळीत, गांधीनगरला जाताना. कोल्हापूरकरांना गांधीनगर म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी: शहराच्या पूर्वेला लागून असलेली कापडाची बाजारपेठ, लग्नाचा बस्ता बांधायला अख्खा जिल्हा जिथे लोटतो ती. गाडीत शेजारी माझा मावसभाऊ बसला होता. वीस वर्षं न्यू जर्सीत आहे, मुलं तिकडची. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा भार टाकला होता, त्यामुळे फराळाच्या ताटापासून आमच्यात तोच विषय चालला होता.

दादा म्हणाला, "अगं, फी वाढवली ते चुकलंच. पण मूळ मुद्दा चूक नाही. देशाने माणसं पारखूनच आत घ्यावीत. आम्ही काय कुंपणावरून उडी मारून नाही गेलो. मेरिटवर गेलो."

हे वाक्य मी अमेरिकेतल्या इतक्या मराठी माणसांकडून ऐकलंय की आता त्यावर भांडायचाही कंटाळा येतो. तरी भांडले. एच-वन-बीची मर्यादा वर्षाला पासष्ट हजार, शिवाय अमेरिकेत पदव्युत्तर शिकलेल्यांसाठी वीस हजार. अर्ज त्याहून कितीतरी जास्त येतात, म्हणून वर्षानुवर्षं संगणकाने सोडत काढली गेली. दादाचं नाव त्या सोडतीत निघालं त्या दिवशी मावशीने पेढे वाटले होते. ते पेढे नंबर लागल्याचे होते. त्याच कंपनीतल्या, त्याच्याच वर्गातल्या, त्याच्याएवढ्याच हुशार मित्राचा नंबर लागला नाही आणि तो आज बाणेरला असतो. यात मेरिट कुणाचं आणि किती?

दादा हसला. म्हणाला, "बरं, आमचं सोड. पण तत्त्व म्हणून सांग, पारख नको?"

तत्त्वाचीच गोष्ट असेल तर शुलेविट्झला त्या चाळणीतून घालून बघू.

१९३९ चा सप्टेंबर. जर्मन विमानं वॉर्सावर बॉम्ब टाकत होती. उरी चार वर्षांचा होता. एक बॉम्ब त्यांच्या इमारतीच्या जिन्यातच पडला, पण घरातली माणसं वाचली. वडील पुढे गेले आणि मागून आई व मुलगा सोव्हिएत ताब्यातल्या बिआलिस्टोक शहरात पोहोचले. तिथे सोव्हिएत नागरिकत्वाची पारख झाली. समोरच्या कारकुनाला मुलाच्या नावात काळंबेरं दिसलं. उरी त्स्वी ग्रीनबर्ग नावाचे एक ज्यू राष्ट्रवादी कवी होते, सोव्हिएतविरोधी समजले जाणारे. त्यांच्यावरूनच हे नाव ठेवलं असणार, असा त्याचा कयास. आईवडिलांच्या मनात वेगळंच होतं. बायबलमध्ये बेझलेल नावाचा पहिला कारागीर-कलावंत येतो, त्याच्या बापाचं नाव उरी. पण कार्यालयात असले खुलासे कोण ऐकतो? अर्ज फेटाळला गेला आणि कुटुंबाची रवानगी उत्तरेला, अर्खांगेल्स्कच्या बाजूच्या बर्फाळ वस्तीत झाली. ज्यांना नागरिकत्व मिळालं त्यांना बिआलिस्टोकमध्ये राहता आलं. १९४१ च्या जूनमध्ये जर्मन फौजा त्या शहरात शिरल्या आणि तिथल्या ज्यूंचं पुढे काय झालं हे नव्याने सांगायला नको.

म्हणजे पारखीत नापास झाले म्हणून हे तिघं जगले. शुलेविट्झनी पंच्याऐंशीव्या वर्षी, २०२० मध्ये, या सगळ्या वर्षांची आठवण लिहिली तेव्हा पुस्तकाचं नाव ठेवलं 'चान्स'. मराठीत आपण नशीब म्हणू, पण नशिबात कुणीतरी लिहून ठेवल्याचा वास येतो. हा शब्द जास्त कोरडा आहे.

उत्तरेतून सुटका झाल्यावर कुटुंब दक्षिणेला, आज कझाकस्तानात असलेल्या तुर्कस्तान नावाच्या गावी आलं. इथली एक गोष्ट शुलेविट्झनी २००८ च्या चित्रपुस्तकात सांगितली आहे. त्या पुस्तकाच्या पानांवर मला जरा थांबायचंय, कारण पुढचा सगळा वाद त्या पानांत आहे.

मातीची जमीन, एकच खोली, त्यात दुसरं एक जोडपंही राहतंय. वडील बाजारात भाकरी आणायला जातात आणि अंधार पडल्यावर परततात. बगलेत कागदाची लांब गुंडाळी. हातातल्या पैशांत पावाचा एवढासा तुकडा येत होता, त्याने तिघांपैकी कुणाचंच पोट भरलं नसतं, म्हणून त्यांनी नकाशा विकत घेतला. मुलगा संतापतो. आई काही बोलत नाही. रात्री खोलीतला दुसरा माणूस आपल्या वाटचा पावाचा कडक तुकडा मचमच आवाज करत, चवीचवीने खातो आणि मुलगा तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून पांघरुणात डोकं खुपसतो. बापाला माफ करायचं नाही हे ठरलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी नकाशा भिंतीवर लागतो. अख्खी भिंत व्यापतो. आधीची पानं मातकट, तपकिरी, आणि इथे एकदम रंग. मुलगा तासन्‌तास नकाशासमोर उभा राहतो, गावांची नावं जुळवून गाणी करतो. ओम्स्क, तोम्स्क, पिन्स्क, मिन्स्क. मग तो वाळवंटात, समुद्रावर, बर्फाच्या डोंगरांवर फिरून येतो, एका फळबागेत पपया आणि आंबे पोटभर खातो. शेवटी बापाला माफ करतो.

पुस्तकाच्या मागे त्यांनी दहाव्या वर्षी काढलेला आफ्रिकेचा नकाशा छापलाय. तो एका पत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर काढलेला आहे, कारण कोरा कागद मिळत नव्हता. आपल्या आजोबांच्या पिढीने असे पाठकोरे कागद टाचून वह्या केल्या होत्या, त्यामुळे तो कागद मला फार ओळखीचा वाटतो.

आता सांगा, कुठल्या खिडकीवरच्या कुठल्या अधिकाऱ्याला या पोरात पदक दिसलं असतं? अमेरिकेत आज 'असाधारण क्षमता' असलेल्यांसाठी वेगळा रस्ता आहे. मोठा पुरस्कार असेल तर उत्तम, नसेल तर दहा निकषांपैकी किमान तीन पुरे करा: छापून आलेली दखल, वरचा पगार, इतरांच्या कामाचं परीक्षण, वगैरे. १९५९ मध्ये शुलेविट्झच्या पदरी काय होतं? पॅरिसच्या शाळांमधल्या चित्रस्पर्धेतलं बाराव्या वर्षीचं बक्षीस, पंधराव्या वर्षी तेल अवीवच्या संग्रहालयात इतरांबरोबर लागलेलं चित्र आणि कुत्र्यांचे परवाने. गुणी मुलगा आहे असं फार तर कुणी म्हटलं असतं. गुणी मुलं आपल्याकडेही आळीआळीत असतात.

पदक मिळण्याजोगा चित्रकार तो झाला न्यूयॉर्कमध्ये. सुरुवात तिथेही रडतखडतच होती. ब्रुकलिन म्युझियमच्या कलाशाळेत शिकायचं आणि पोटासाठी हिब्रू बालपुस्तकांच्या एका प्रकाशकाकडे दुसऱ्यांनी ठरवून दिल्याप्रमाणे चित्रं काढायची. एकदा फोनवर बोलता बोलता तो समोरच्या कागदावर काहीबाही रेघोट्या ओढत होता. फोन ठेवला, कागदाकडे पाहिलं आणि लक्षात आलं की या रेघोट्यांत जी जान आहे ती पगारी चित्रांत नाही. मग चित्रांची बाडं घेऊन तो प्रकाशकांचे उंबरे झिजवायला लागला.

हार्पर या प्रकाशनसंस्थेत त्याला सुझन हर्शमन या संपादक भेटल्या. त्यांनी सुचवलं, दुसऱ्याच्या गोष्टीला चित्रं कशाला, स्वतःचीच गोष्ट लिही. तो दचकला. इंग्रजी बोलायला लागून चार वर्षंसुद्धा झाली नव्हती. हर्शमनबाईंचं उत्तर साधारण असं होतं: इंग्रजीची काळजी नको, ते आम्ही नीट करून घेऊ. १९६३ मध्ये पहिलं पुस्तक आलं. त्यांनी पुढे लिहिलंय की शब्द कच्चे होते म्हणूनच गोष्ट आधी डोळ्यांसमोर उलगडून बघायची आणि मग लागतील तेवढेच शब्द घ्यायचे, ही रीत त्यांना सापडली. १९७४ चं 'डॉन', म्हणजे पहाट, उघडून बघा. तळ्याकाठी आजोबा आणि नातू झोपलेत, पहाट होते, ते होडी पाण्यात लोटतात. शब्द मोजके, काही पानांवर तर नाहीतच, आणि सगळं घडतं ते निळ्याच्या छटांत. ज्याला भाषा येत नव्हती त्याने भाषेला जागा सोडायला शिकवलं, असं मला ते पुस्तक बघताना दरवेळी वाटतं.

ही गोष्ट सांगितली की लोक शुलेविट्झच्या जिद्दीबद्दल बोलतात. जिद्द होतीच. माझं लक्ष मात्र 'ते आम्ही नीट करून घेऊ' या वाक्याकडे जातं. हे वाक्य एका बाईंच्या चांगुलपणातून आलेलं नव्हतं, निदान तेवढ्यातून नव्हतं. ते म्हणण्याची सोय त्या व्यवसायाने पन्नासएक वर्षं खपून करून ठेवली होती. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात मुलांच्या विभागाची धुरा १९०६ मध्ये ॲन कॅरल मूर यांनी घेतली. १९१९ मध्ये मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने बालपुस्तकांचा स्वतंत्र विभाग काढला. १९२२ पासून बालसाहित्याला न्यूबेरी पदक, १९३८ पासून चित्रपुस्तकाला कॅल्डेकॉट, दोन्ही ग्रंथपालांच्या संघटनेने दिलेली. पदक मिळालेलं पुस्तक गावोगावची ग्रंथालयं घेतात, वर्षानुवर्षं पुन्हा घेत राहतात, आणि प्रत्येक प्रतीवर चित्रकाराला रॉयल्टी मिळते. लेखक आणि चित्रकार वेगळे असतील तर ती दोघांत निम्मी वाटण्याची तिथे रीत आहे. १९६५ च्या एप्रिलमध्ये तिथल्या केंद्र सरकारने शिक्षणाचा मोठा कायदा केला आणि शाळांच्या ग्रंथालयांसाठी पहिल्याच वर्षी दहा कोटी डॉलर बाजूला काढले. बालपुस्तकांच्या प्रकाशकांना सुगी आली. शुलेविट्झ तेव्हा तीस वर्षांचा होता आणि त्याची बाडं नुकतीच उघडली जात होती.

गंमत म्हणजे त्याच १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने राष्ट्रीयत्वानुसार कोटा ठरवणारी १९२४ पासूनची पद्धत मोडीत काढली. दादासारख्यांना तिकडे कायमचं राहण्याचा रस्ता खुला झाला तो त्या कायद्यामुळे. त्याआधी भारतीयांचा वाटा वर्षाला साधारण शंभर माणसांचा होता आणि तोही १९४६ नंतर मिळालेला.

कॅल्डेकॉटच्या नियमावलीतली एक ओळ मला फार आवडते. पदकासाठी चित्रकार अमेरिकेचा नागरिक असावा किंवा रहिवासी. त्या 'किंवा'त केवढं मावलंय! पुलित्झरवाल्यांना पुस्तकांच्या पारितोषिकांत अशी फट ठेवायला २०२३ साल उजाडलं. ग्रंथपालांनी ती सुरुवातीपासून ठेवली होती. आणि त्या फटीतून कोण कोण आत आलं? १९४० चं पदक मिळालं अब्राहम लिंकनच्या चित्रचरित्राला. लिंकन! अमेरिकनांना त्याहून जवळचं कोण? चित्रं काढणारं जोडपं, दोलेर पतीपत्नी. त्यातली बायको नॉर्वेची, नवरा म्युनिकमध्ये जन्मलेला. १९६९ मध्ये शुलेविट्झला ज्या पुस्तकासाठी पदक मिळालं ती तर रशियाकडची लोककथा. उडत्या जहाजाची आणि बावळट ठरवलेल्या धाकट्या मुलाची. शीतयुद्ध ऐन भरात, आणि अमेरिकेच्या ग्रंथपाल रशियाच्या घुमटांवर पदकाचा शिक्का मारतायत. मला तरी यात मोठं शहाणपण दिसतं.

आपल्याला त्याहून जवळचं उदाहरण १९२८ च्या न्यूबेरी पदकाचं आहे. कलकत्त्याच्या एका कबुतराची गोष्ट. लिहिणारे धनगोपाल मुखर्जी, १९१० मध्ये बर्कलीला शिकायला गेलेले बंगाली. चित्रं काढली बोरिस आर्त्सिबाशेफ यांनी, खारकीवमध्ये जन्मलेले, क्रांतीनंतर देश सोडून आलेले. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला होता की हिंदुस्थानी माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. म्हणजे ज्याला मतदार करून घ्यायला कायदा तयार नव्हता, त्याच्याकडून त्या देशाची मुलं गोष्ट ऐकत होती, आणि ग्रंथपालांनी त्याच्या पुस्तकाला वर्षातलं सर्वोत्तम ठरवलं. दादाला हे माहीत नव्हतं. न्यू जर्सीत वीस वर्षं काढूनही माहीत नव्हतं, याचं मला थोडं वाईट वाटलं आणि थोडा आनंद झाला. भांडणात असा आनंद होतोच.

आता दादाची बाजू. तो म्हणाला, आणि बरोबर म्हणाला, की तू पदक मिळालेला एक माणूस शोधून काढलास. त्याच्याबरोबर बोटीतून उतरलेल्या बाकीच्यांचं काय? त्यातला एखादा जन्मभर हमालीच करत राहिला असेल. मग त्याला आत घेणं चूक होतं का?

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडायचं आहे. स्थलांतरितांची बाजू घेणारे नेहमी अशीच नावं पुढे करतात. बघा, हा शास्त्रज्ञ, ही चित्रकार, तो कंपनीवाला. 'येऊ द्या, यांच्यातून रत्नं निघतात.' हे दादाच्याच मेरिटचं दुसरं रूप आहे. पारख दारात करण्याऐवजी तीस वर्षांनी करायची, एवढाच फरक. शुलेविट्झ जन्मभर कुत्र्यांचे परवाने देत राहिला असता तरी वॉर्सातल्या बॉम्बपासून पळायचा त्याचा हक्क तेवढाच होता. त्याची गोष्ट मी सांगते ती दुसऱ्या कारणासाठी. देशाला जागा थोडी आहे, सगळ्यांना घेता येणार नाही, असं कुणी म्हटलं तर त्यावर बोलता येईल. आकडा ठरवा, सोडत काढा, रांग लावा. त्यात निदान खोटेपणा नाही. पण 'आम्हाला माणूस बघून कळतं' हा दावा खोटा आहे. चार वर्षांच्या पोराच्या नावावरून त्याचं राजकारण ओळखणारा बिआलिस्टोकचा तो कारकून आणि पगाराच्या आकड्यावरून लायकी ओळखणारा आजचा अर्ज, दोघांचा आत्मविश्वास सारखाच.

दाराशी जी हुशारी खर्च होते ती आत खर्च व्हावी, असं माझं म्हणणं आहे. युयी मोरालेस १९९४ मध्ये मेक्सिकोतून तान्ह्या मुलाला घेऊन आल्या तेव्हा इंग्रजी जेमतेमसुद्धा येत नव्हतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयात चित्रपुस्तकं बघत त्या भाषा शिकल्या आणि पुढे स्वतः चित्रपुस्तकं करायला लागल्या, त्यांतल्या एकाला २०१५ मध्ये कॅल्डेकॉटचा सन्मानही मिळाला. तिथे त्यांची परीक्षा कुणी घेतली नाही. खोली उघडी होती, पुस्तकं खालच्या फळीवर होती आणि बसायला जागा होती.

आणि आपण? अमेरिकेला शहाणपण शिकवायला मराठी माणसाला फार आवडतं, पण हीच चाळणी आपल्या दारातही टांगलेली आहे. म्हैसूरहून आर. के. लक्ष्मण नावाच्या तरुणाने मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टकडे प्रवेश मागितला तेव्हा विद्यार्थी म्हणून घेण्याइतपत गुण चित्रांत नाहीत, असं उत्तर आलं होतं. आपल्याकडची ही सर्वांत प्रसिद्ध पारख. पुढे ते मुंबईत आले आणि फ्री प्रेस जर्नलमध्ये व्यंगचित्रकार झाले. तिथे त्यांचे एक सहकारी होते बाळ ठाकरे. त्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये काढलेल्या संघटनेचा पहिला रोख मुंबईतल्या दाक्षिणात्यांवर होता, आणि तोवर लक्ष्मणांचा कॉमन मॅन रोज सकाळी मुंबईकरांच्या चहाबरोबर येत होता. मुंबईचं इतकं नेमकं चित्र एखाद्या बाहेरच्यानेच काढावं याचं मला नवल वाटत नाही. घरातल्या माणसाला घरातली ओल दिसत नाही.

चित्रकारांचं म्हणाल तर आपल्याकडे जन्माने इथल्या असलेल्यांचेही हाल आहेत, बाहेरून आलेल्याची काय कथा. माझी एक मैत्रीण मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. चित्रामागे ठरलेली रक्कम एकदा हातावर टेकवली की संबंध संपला. तिच्या एका पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली हे तिला प्रदर्शनातल्या स्टॉलवर, पुस्तक हातात घेतल्यावर कळलं. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव ठळक, तिचं आत, मुद्रणालयाच्या पत्त्याशेजारी. कायदाही तिच्या फारसा बाजूचा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या रंगचित्राचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा. आणि करार करा म्हटलं की काम दुसऱ्याकडे जातं. अशा जमिनीत चाळीस वर्षांची कारकीर्द उगवत नाही. एखादा शुलेविट्झ आपल्याकडे येऊन, दोन पुस्तकं करून, जाहिरात कंपनीत निघूनही गेला असेल.

दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला बीडकडची माणसं ऊसतोडीला आमच्या भागात येतात. कारखान्याच्या शिवारात कोप्या उभ्या राहतात. पोरं बरोबर असतात, शाळा मागे राहिलेली. त्यांच्या कोपीत भिंत म्हणून पाचट असतं, त्यावर नकाशा कुठे लावणार? साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही कागदावर राहिल्या. एका मराठी जिल्ह्यातून दुसऱ्या मराठी जिल्ह्यात आलेल्या मुलासाठी गावच्या वाचनालयात खालच्या फळीवर पुस्तकं नाहीत. असली तर ती कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे आहे ते दुपारी जेवायला गेलेले.

आणि तरी, ज्या रस्त्याने आम्ही चाललो होतो त्या रस्त्यानेच मला गप्प केलं. गांधीनगरच्या जागेवर १९४३ मध्ये वळिवड्याची पोलिश छावणी वसली. सोव्हिएत युनियनमध्ये हद्दपार केलेल्या पोलंडच्या लोकांना १९४२ मध्ये बाहेर पडता आलं, तेव्हा मध्य आशियातून इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बाया आणि मुलं, कोल्हापूर संस्थानात येऊन राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. म्हणजे शुलेविट्झचे वडील ज्या मुलखातल्या बाजारात नकाशा घेत होते, त्याच मुलखातून, त्याच काळात, त्यांच्याच देशाची मुलं आमच्या कोल्हापुरात पोहोचत होती. बाहेर पडणाऱ्यांत ज्यू फार थोडे घेतले गेले. नाहीतर कुणी सांगावं, पंचगंगेच्या काठावरचा एखादा आंबा त्या मुलाने नकाशात नव्हे, हातात घेऊन खाल्ला असता.

पोलिश लोक १९४८ पर्यंत गेले. रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहायला आले. त्यांची पारख करायला कुणाला सवडच नव्हती. छप्पर होतं, ते दिलं.

दादाला मुलीसाठी घागरा घ्यायचा होता. दुकानदार पस्तिशीचा असेल. गादीवर ठाण उलगडत म्हणाला, "बघा की ताई, ह्यो रंग फिका पडायचा न्हाई." दादाने त्याला विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं. त्याने वर न बघता सांगितलं, "आजोबा सिंधमधनं आल्ते. आमचं काय, हितलंच." दादाने मान डोलावली आणि किंमत पाडून मागितली.